विठो येईल कायी

परवा दुपारी जेवणानंतर वर्तमानपत्र चाळताना एका वाक्याशी थबकलो. वाक्य असे होते : 'या परिसरात बिबट्याचा वावर असल्याची शक्यता नाकारता येत नाही.' ही शक्यता मुळात कोणी मांडली, ती नाकारायला कोण निघाला होता आणि त्याला ती का नाकारता आली नाही, याचा वाक्यात कोठेच पत्ता नव्हता. बिबट्याचे वनखाते पाहून घेईल. मला वाक्याचीच काळजी वाटली. ही सवय आपल्या गद्याला कचेऱ्यांतून लागली असावी. (यातले 'असावी' माझे स्वतःचे आहे, कोणाला भांडायचे असेल तर माझ्याशी भांडावे.)

जुने मराठी वाचताना मला असा बेवारस संशय क्वचितच भेटतो. तेथे जे निश्चित ठाऊक नाही ते कोणाच्या ना कोणाच्या पदरात घातलेले असते. कधी देवाच्या, कधी ऐकीव बातमी आणणाऱ्याच्या, आणि कोणीच सापडले नाही तर कावळ्याच्या. 'पैल तो गे काऊ कोकताहे' या ज्ञानदेवांच्या विराणीतली विरहिणी कावळ्याला पाय सोन्याने मढवण्याचे, दहीभाताच्या उंडीचे, दुधाच्या वाटीचे आमिष दाखवते आणि मग विचारते, 'सत्य सांगे गोठी विठो येईल कायी'. त्या शेवटच्या 'कायी'मध्ये आशा किती आणि धास्ती किती, हे मला आजवर वेगळे काढता आलेले नाही. येणार नाही, असे म्हणायला तिची जीभ धजत नाही. येईलच, असे म्हणण्याचा तिला अधिकार नाही. म्हणून ती तिसऱ्यालाच, तेही पंख असलेल्याला, मध्ये घेते.

आमच्या आजीने ही विराणी कधी म्हटल्याचे मला आठवत नाही, पण व्यवहार तिचा तोच होता. मागल्या दारी पेरूच्या झाडावर कावळा ओरडू लागला की ती हातातले काम न थांबवता त्याला सांगे, "पाहुणा येणार असेल तर ऊड बघू." कावळा उडाला की मी दाराकडे धावत असे आणि आजी डब्याकडे वळत असे. ओंजळभर तांदूळ जास्तीचे काढून ती पुटपुटे, "न जाणो." एवढेच. वाक्य पुरे करण्याची तिला गरज वाटत नसे, आणि पाहुणा आला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भाताचा फोडणीचा भात होई, ज्याची आम्ही पोरे कावळ्यापेक्षाही आतुरतेने वाट पाहत असू. 'न जाणो' म्हटल्यावर काहीतरी करून ठेवायचे असते, ही माझी समजूत तेव्हाची आहे आणि ती बदलावी असे मला अद्याप वाटलेले नाही. 'शक्यता नाकारता येत नाही' असे वाचून कोणी तांदळाच्या डब्याला हात लावील काय?

ज्ञानदेवांचे दुसरे एक पद मला याहून विलक्षण वाटते. 'तुज सगुण म्हणों कीं निर्गुण रे' या ओळीत शंका आहे, आणि ज्याच्याविषयी ती आहे त्यालाच ती तोंडावर, तीही 'रे' म्हणून, विचारलेली आहे. आजच्या प्रतिवेदनाच्या भाषेत हेच लिहायचे झाले तर परमेश्वर निर्गुण असण्याची शक्यता वर्तवली गेली असती आणि गोविंदाला त्याची खबरही लागली नसती. रामदासांना मात्र या दोलायमानतेचे फारसे कौतुक नाही. दासबोधात 'अनुमान' हा शब्द बहुधा नापसंतीनेच येतो आणि प्रचीतीला मान मिळतो. त्यांच्यापुढे आजीचे 'न जाणो' कितपत टिकले असते, कोण जाणे.

महानुभाव पंथाने तर अनिश्चिततेचा रीतसर हिशेबच ठेवला. म्हाइंभटांनी पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली आणि शिष्यांना ती स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली. स्मरणे अर्थातच जुळेनात. तेव्हा एकच खरे ठरवून बाकीची पुसून टाकण्याऐवजी त्यांनी कोणाची आठवण कशी आहे, हेही नोंदवून ठेवले आणि अशा पाठाला 'वासना' असे नाव दिले. प्रत्यक्ष गुरूच्या चरित्रात 'एकाला असे आठवते, दुसऱ्याला तसे' असे लिहून ठेवायला केवढी श्रद्धा लागत असेल!

पण सगळेच संशय इतक्या सामंजस्याने नांदले नाहीत. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर जे झाले, त्याची वार्ता दक्षिणेकडे निघाली ती सावकारी भाषेत : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोत्यांपैकी एक विश्वासराव, दुसरे सदाशिवरावभाऊ. सांकेतिक लिहिणाऱ्याने गणती न लागणारे आणि गणती लागलेले असे दोन भाग स्वच्छ केले आणि भाऊंना दुसऱ्या भागात घातले. लोकांनी तसे घातले नाही. भाऊ निसटले, भाऊ जिवंत आहेत, अशी बोलवा उठली आणि ती इतकी टिकली की कित्येक वर्षांनी एक माणूस स्वतःला भाऊ म्हणवत पुढे आला, त्याच्यामागे फौज जमली, आणि तो तोतया ठरून 1776 मध्ये त्याला देहान्त शासन होईपर्यंत पुणे दरबाराला स्वस्थता लाभली नाही. बोलवेला बोलणारा कोण हे कधीच सापडत नाही. माझा जुन्या मराठीविषयीचा सिद्धान्त येथे कोसळतो, हे मला दिसते आहे.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांच्यापुढे सिद्धान्ताचा प्रश्न नव्हता. नवऱ्याच्या मृत्यूची बातमी त्यांनी मानली नाही, आणि स्वतःला विधवा म्हणवून घेतले नाही.