तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षकाला कॉम्प्युटर किती यायला हवा?

हा प्रश्न नवे शिक्षक विचारतात, मुख्याध्यापक विचारतात, आणि ज्यांना भरपूर येतो तेही विचारतात, बहुधा मला किती येतो ते चाचपायला. आजवर मी 'कामापुरता' म्हणून सुटका करून घेतली. काम कोणतं, ते मात्र कधी सांगितलं नाही.

युनेस्कोच्या २०१८च्या आराखड्यात शिक्षकांसाठी तंत्रज्ञान-वापराच्या १८ क्षमता दिल्या आहेत. वाचल्यात मी, वावगं काही नाही त्यांत. पण प्रोजेक्टरचा पडदा निळाच राहतो आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते, तेव्हा त्यांतली एकही आठवत नाही. विंडोजची कळ आणि पी एकदम दाबायचं, एवढंच कामी येतं. ते मला एका विद्यार्थ्याने शिकवलं. त्याची लाज वाटत नाही. (वाटली होती थोडी.)

लाज वाटते ती निकालाची. ४२ मुलांची यादी, सहा विषयांचे गुण, सगळं स्प्रेडशीटमध्ये. नावं अकारविल्हे लावायची होती. मी नावांचा रकाना निवडला आणि सॉर्ट दाबलं. एक चौकट उघडली: शेजारीही माहिती आहे, तीही सोबत हलवायची, की निवडलंय तेवढंच? मला नावंच तर लावायची होती! 'तेवढंच' म्हटलं, सेव्ह केलं, बंद केलं. नावं हलली, गुण जागच्या जागी राहिले. बेरजा बरोबर, टक्के बरोबर, वर्गाची सरासरीसुद्धा तीच. निकालपत्रकं छापून वाटलीही.

दुसऱ्या दिवशी एक हुशार मुलगा आला. "बाई, माझा गणिताचा पेपर परत बघाल?" मी म्हटलं, "बेरीज कॉम्प्युटरने केलीय, चुकायची नाही." तो गेला. हे वाक्य मी उच्चारलं, हे मला अजून गिळवत नाही.

दुपारी एक मुलगी आली. गणितात कायम काठावर असणारी. निकालपत्रक प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. "बाई, मला ८८ नसतील." मी गठ्ठा सोडला. ३६ होते. ते पत्रक तिच्याकडून परत घेताना ती म्हणाली, "घरी सांगून झालंय." मग उरलेले ४१ पेपर काढले.

आता माझी बाजू. मला हे कुणी शिकवलं होतं? तीन दिवसांच्या प्रशिक्षणात स्लाइडवर अक्षरं कशी उडवायची ते शिकवलं. एक आडवी ओळ म्हणजे एक मूल, ती फुटता कामा नये, हे कुणाच्या तोंडून निघालं नाही. म्हणून त्यानंतर काही वर्षं मी हिरिरीने सांगायचे, शिक्षकाला कॉम्प्युटर नीट, मुळापासून यायला हवा.

मिश्रा आणि कोहलर या शिक्षणाच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडलं की विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान ही ज्ञानं एकमेकांत मिसळलेली असावी लागतात. पटतं. पण मग मी स्वतःलाच विचारते, तो पेपर तूच तपासला होतास ना? काठावरच्या मुलीपुढे ८८ छापून आले आणि तुझ्या डोळ्यांना खुपलं नाही, ते सॉर्ट येत नव्हतं म्हणून? की छापील आकडा दिसला की मूल दिसेनासं होतं म्हणून? हाताने निकाल लावायचे तेव्हाही मी चुकायचे, फक्त एकावेळी एकाच मुलाचं नुकसान करायचे.

हल्ली मूळ फाइलची प्रत ठेवते आणि कुठलेही पाच पेपर काढून यादीशी ताडून पाहते. सहकारी हसतात. हसोत.

परवा एका नव्या शिक्षिकेने पुन्हा तेच विचारलं. मी तिच्यापुढे यादी ठेवली, म्हटलं, नावं लावून दाखव. तिने सगळे रकाने निवडून दोन सेकंदांत बिनचूक लावली. मग मी विचारलं, "यात कुणाचे गुण खटकतात?"

"कसं सांगू?" ती म्हणाली. "या वर्गावर मी अजून गेलेच नाहीये."