कोयनेतला खडस शोधताना

मामा सांगायचे, पाटणच्या खालच्या डोहात उंबर पडलं की पाण्यावर वर्तुळ उठायच्या आत खडस, म्हणजे इथला महसीर मासा, ते गिळायचा. यंदा दिवाळीनंतर त्यांनाच घेऊन गेलो. कऱ्हाडहून चिपळूण रस्त्याने पाटण तासाभरावर. उजाडायच्या सुमाराला केरा-कोयना संगमाच्या खाली, गोट्यांवरून धार खळखळते तिथे गळ टाकला.

पहिले तीन तास नुसती चिलापी (टिलापिया मासा). कणकेचा गोळा पाण्यात पडायचा अवकाश, तळहाताएवढी चिलापी गळाला. पाचवी निघाली तेव्हा मामांनी दोरी गुंडाळली आणि बराच वेळ बोलले नाहीत. नऊच्या पुढे उंबराची फोड लावून धारेच्या कडेला सोडली, आणि दोरी एकदम खालच्या अंगाला ओढली गेली. वीतभर खडस! जाड ओठ, मिशांच्या दोन जोड्या, निळसर पर. मामांनी हात ओले केले, पाण्यातच त्याला धरून गळ सोडवला आणि तोंड धारेकडे करून तसाच धरून ठेवला. शेपटीचा फटका बसला नि तो गेला. दिवसभरात तेवढा एकच.

काठावर जाळं वाळत घालणारे एक म्हातारे भोई म्हणाले, "बोटुकली सोडत्यात की, पण कटला-रोहूची. खडसाची कोण सोडतंय?" बोटुकली म्हणजे बोटभर पिल्लं. मला त्यांचं म्हणणं पटतं. कटल्या-रोहूची मादी लाखांनी अंडी घालते, खडसाची त्या मानाने फार थोडी. तीही वाहत्या, स्वच्छ पाण्यात, खडे-गोट्यांत. धरण-बंधाऱ्यांनी त्याची वर चढायची वाट अडवली, वाळूउपशाने खडा गेला. चिलापी मात्र अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, तिला गढूळ साचलेलं पाणीही चालतं.

लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात १९७० च्या दशकापासून खडसाचं बीज, म्हणजे नदीत सोडायची पिल्लं, तयार होतं. मादीचं पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, त्यांत नराचं रेत मिसळायचं आणि ती वाहत्या पाण्यात उबवायची. हेच बीज कावेरीत सोडलं गेलं. तिथे हा मासा उपरा, आणि त्याच्या पसाऱ्याने तिथला मोठ्या कुबडाचा महसीर आणखी अडचणीत आला. कोयनेत खडस घरचा आहे, बीज इथे सोडावं. पण आधी दोन-चार धारा वाळूउपशापासून राखल्या पाहिजेत, नाहीतर सोडलेली पिल्लं मोठी झाली तरी अंडी घालणार कुठे?

जाणार असाल तर पावसाळ्यात जाऊ नका, तो विणीचा हंगाम. कोयना अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. बाहेरही मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे ते गावात विचारून परवानगी घ्या. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, मासा सोडवताना जबडा फाटत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहाचे दोन्ही संच सुरू झाले की २१०० क्युसेक पाणी नदीत येतं, आणि वर आभाळ निरभ्र असतानाही धार चढते. आम्ही काठाला ओल्या खडकावर एक खूण धरून ठेवली होती. ती बुडाली तसे मधल्या खडकावरून लगेच मागे फिरलो, आणि जेवणाचा डबा तिथेच राहिला. कोणी जिलेटिन किंवा विषारी औषध टाकताना दिसला तर ११२ ला फोन करा. १८९७ च्या मासेमारी कायद्यापासून तो गुन्हा आहे.