पागोळीखालची बादली

मुरुडचं बुकिंग मी एप्रिलमध्ये केलं. दुपारचे अडीच वाजलेले, सोलापुरात पारा ४२ च्या पुढे, आणि मी एका हाताने कूलरमध्ये पाणी ओतत दुसऱ्या हाताने मोबाईलवर समुद्राचे फोटो बघत होतो. नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते. अशा अवस्थेत माणसाने कुठल्याही कागदावर सही करू नये. मी तीन रात्रींचे निम्मे पैसे भरून मोकळा झालो, तेही परत न मिळणारे. (मुरुड म्हणजे जंजिऱ्याचं नव्हे, दापोलीचं. हे मला पुढे महिनाभर प्रत्येकाला सांगावं लागलं.)

२०२५ च्या २२ मेला निघालो तेव्हा सोलापुरातच आठवडाभर अवकाळीचं चाललं होतं. संध्याकाळ झाली की आभाळ भरून यायचं, पंखा पाचवरून दोनवर आला होता. गाडीत सामान भरत असताना मित्राचा फोन, "काय बे, पाऊस इथंच पडूलालाय, तू कुठं निघालास बघायला?" याला उत्तर नव्हतं. पैसे भरले होते, हेच उत्तर.

आईने घेतलेलं सामान आमच्या तिघांच्या सामानापेक्षा जास्त. दोन सोलापुरी चादरी, शेंगाचटणीचा डबा, आणि कडक भाकऱ्यांची ही चवड. ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी शेकून, वाळवून पापडासारखी कडक करतात. आमच्या हवेत पंधरा-पंधरा दिवस टिकते. मोडली की शेजारच्या घरात ऐकू जावं असा आवाज येतो. चादरी कशाला, असं बायको पुटपुटली. आई म्हणाली, "परक्याच्या अंथरुणावर मी झोपत नाही."

पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, सातारा, मेढा करत महाबळेश्वरला पोचलो. महाबळेश्वरबद्दल सांगण्यासारखं एवढंच की ते दिसलं नाही. एका पॉइंटवर गाडी लावायचे पैसे दिले, कठड्यापर्यंत गेलो, समोर पांढरा पडदा. लेक म्हणाली, "बाबा, हे तर आपल्या भिंतीसारखं आहे." पैसे घेणाऱ्याला मी म्हटलं, काहीच दिसत नाही हो. तो म्हणाला, पैसे पार्किंगचे आहेत, दरीचे नाहीत. त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला.

जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात मात्र आई बराच वेळ रेंगाळली. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी तिथं एकत्र येतं असं मानतात. आईने ओंजळीत घेतलं, डोळ्यांना लावलं आणि विचारलं, "आपली भीमा शेवटी हिलाच मिळते ना?" कृष्णेला मिळते, खाली कर्नाटकात. मग तिने आणखी एक ओंजळ घेतली, बहुतेक भीमेच्या वाटची.

दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाट. आमच्याकडे घाट म्हणजे एक तर चंद्रभागेचा, नाही तर पिलीवचा, जो बोलता बोलता संपतो. इथं धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. पुढे एक एसटी होती. तिचा मागचा एकच लाल दिवा चालू होता आणि मी पोलादपूरपर्यंत त्या दिव्यावर नजर ठेवून उतरलो. त्या ड्रायव्हरचा चेहराही मी पाहिला नाही. खाली उतरल्यावर तो थांबला असता तर पाया पडलो असतो. पुढे कशेडीचा बोगदा, खेड, दापोली, आणि संध्याकाळी मुरुड. समुद्र मातकट, वारा अंगावर येणारा. किनाऱ्यावर एक शिट्टीवाला उभा होता, पाण्याकडे पाऊल वळलं की शिट्टी.

आम्ही उतरलो ते घर जांभ्याचं, कौलारू, मागे नारळी-पोफळीचं आगर. मालकीणबाई पंचावन्नच्या आसपासच्या, सगळे त्यांना काकू म्हणत होते. आमच्याशिवाय पुण्याची दोन कुटुंबं होती. रात्री जेवायला बसलो, आईने भाकरीचा डबा उघडला, एक भाकरी उचलली, आणि ती भाकरी हातातून कापडासारखी लोंबली. सादळली होती, सगळी चवड. पंधरा दिवस टिकणारी भाकरी कोकणच्या हवेत एक रात्र निघाली नाही. आई तिच्याकडे असं बघत होती की जणू घरातलंच कुणी फितूर झालंय. काकूंनी न बोलता दोन भाकऱ्या आत नेल्या, चुलीवर परत शेकून आणल्या आणि सोबत कुळथाचं पिठलं वाढलं. कट्ट असा आवाज आला तेव्हा आईचा चेहरा निवला.

आता शनिवार, २४ मे. खरं म्हणजे मी हे सगळं त्या एका दुपारसाठी लिहितोय.

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं आणि त्या दिवशी दुपारच्या सुमारास ते रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. हे मी नंतर पेपरात वाचलं. आम्हाला कळलं ते असं की पोफळी एकदम एका बाजूला वाकल्या आणि काकू स्वयंपाकघरातून ओरडत बाहेर आल्या, "साठं! साठं घ्या आधी!" अंगणात आणि पडवीत आंब्याची साठं, म्हणजे आमरसाच्या पोळ्या, ताटांवर वाळत घातलेली, पलीकडे रातांब्याची, म्हणजे कोकमाची, सालं पसरलेली, भिंतीला सरपण रचलेलं. कोकणात याला आगोट म्हणतात. पावसाचे चार महिने पुरेल एवढं सगळं पाऊस यायच्या आत वाळवून, भरून, झाकून ठेवायचं. त्यासाठी हक्काचा असतो मे महिना. त्या वर्षी आठवडाभर आधीच सरी चालू होत्या आणि साठं कशीबशी उन्हाच्या तिरिपेला धरून वाळवणं चाललं होतं. अजून रोहिणी लागायची होती, मृगाला दोन आठवडे होते. हर्णै बंदरातल्या होड्यांचंही तेच. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात चार पैसे गाठीला बांधायचे, तर त्या आठवड्यात सगळ्या होड्या खाडीत उभ्या.

आम्ही सगळे धावलो. पुणेकरसुद्धा. साठं आत गेली, सालं निम्मी भिजली, आणि मग पाऊस आला. मी चाळीस वर्षं सोलापुरात काढली आहेत. आमच्याकडे पाऊस येतो, विचारपूस करतो आणि जातो. वर्षाचा सगळा मिळून साधारण साडेपाचशे मिलिमीटर. आदल्या दिवशी ज्या महाबळेश्वरात होतो तिथं याच्या दहापट. मधल्या सह्याद्रीने ढग आडवून पिळून घेतले की उरलेलं आमचं. त्या दुपारी पडला तो पाऊस नव्हताच, कुणीतरी वरून टाकी उपडी केली होती.

पुण्याच्या एका गृहस्थांनी पडवीत उभं राहून हिशेब मांडायला घेतला. समुद्र नाही, सुवर्णदुर्ग नाही, डॉल्फिन नाही, तर पैसे कशाचे? आणि आता कबुली. मी त्यांना सामील झालो. मीच काकूंना म्हटलं, "बघा ना, तिसऱ्या दिवसाचं काहीतरी कमी करता आलं तर." काकूंच्या हातात अजून ओल्या सालांची परात होती. त्या म्हणाल्या, "बघते हां," आणि आत गेल्या.

तेवढ्यात लेकीने हाक मारली. "बाबा, आजी काय करतीये बघा."

आई मागच्या पडवीत होती. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या, गळत कसल्या, दोऱ्यांसारख्या सलग ओतत होत्या. आणि आईने त्यांच्याखाली भांडी लावली होती. न्हाणीघरातल्या दोन बादल्या, एक कळशी, काकूंचं घंगाळ, आमच्या खोलीतला प्लास्टिकचा टब, आणि रांगेच्या शेवटी शेंगाचटणीच्या डब्याचं झाकण. पदर खोचलेला, गुडघ्यापर्यंत भिजलेली. पहिली बादली भरायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तिने ती उचलून न्हाणीत नेली. पिंपात ओतायला गेली तर पिंप भरलेलं. बाहेर आली. दुसरी बादली भरून वाहत होती. ती उचलली आणि चार पावलं चालून थांबली. अंगणात घोटाभर पाणी, आगरात पाणी, पाखाडीच्या पायऱ्यांवरून ओढा धावत होता. ६४ वर्षांची माझी आई हातात भरलेली बादली घेऊन उभी होती आणि मला विचारत होती, "आता हे कुठं ओतू रे?"

मला हसू आलं आणि पुढच्या क्षणी ते घशात अडकलं.

आईचं माहेर सांगोला तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात ती अकरा वर्षांची होती. आजीबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पोरांना सुकडी म्हणजे पौष्टिक पीठ मिळायचं, घरी मिलो नावाच्या परदेशी लाल ज्वारीची भाकरी. ती म्हणते, खडीचं काही वाटायचं नाही, पण रात्री विहिरीत उतरून वाटीने पाणी खरवडायला लागायचं त्याची भीती वाटायची, कारण वर दोर धरणारा मामा पेंगायचा. आजही नळाला पाणी येतं त्या दिवशी आमच्या घरातलं शेवटचं पातेलं भरेपर्यंत ती जेवत नाही. उजनी धरण मायनसमध्ये आहे की प्लसमध्ये हा आकडा तिला नातीच्या मार्कांआधी ठाऊक असतो.

काकू मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "अहो ताई, कशाला ते? पंप आहे आमचा." त्याही हसत होत्या. मग आईच्या हातातली बादली त्यांनी घेतली, खाली ठेवली, आणि दोघी पडवीच्या कट्ट्यावर बसल्या. बोलता बोलता काकूंनी जे सांगितलं त्याने आई चाटच पडली. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या विहिरीचा तळ दिसत होता. पंप दहा मिनिटं चालला की हवा ओढायचा. डोंगरावरच्या वाड्यांना तर मे महिन्यात टँकर लागतो.

"कोकणात टँकर?" आई म्हणाली.

"मग! पडतो तीन हजाराच्या वर, पण थांबतो कुठे? चढावरून सुटतो तो थेट दर्यात. आणि हा जांभा म्हणजे चाळण."

आई बराच वेळ अंगणातल्या पाण्याकडे बघत राहिली. चिडली होती ती, खरोखर. एवढं पाणी आणि धरून ठेवायला कुणी नाही, हे तिला कुणाच्या तरी निष्काळजीपणासारखं वाटत होतं. "आमच्याकडं ह्याच्या चौथाईत बंधारे भरतात," ती म्हणाली. काकू म्हणाल्या, "घेऊन जा की मग." आणि दोघी एकदम हसल्या.

भरलेल्या भांड्यांचं काहीतरी केल्याशिवाय आईला चैन पडेना. तिने धुणं काढलं. आमचे तिघांचे कपडे, काकूंची पडवीतली पायपुसणी, आणि दोन्ही सोलापुरी चादरी. चादरी धुऊ नको, मी हात जोडून सांगितलं. सोलापुरी चादर कोरडी असताना उबदार असते, भिजली की तिचं वासरू होतं. पण फुकटचं पाणी समोर होतं आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

त्या रात्री वीज गेली. आई चादर नसल्यामुळे काकूंच्या गोधडीवर झोपली, परक्याच्या अंथरुणावर, आणि घोरत झोपली. रविवारी मान्सून महाराष्ट्रात दाखल झाल्याची बातमी आली, सोमवारी तो मुंबईत, जिथं त्याची नेहमीची तारीख ११ जून. निघताना मी पूर्ण पैसे दिले. काकूंनी विचारलं, "तिसऱ्या दिवसाचं कमी करायचं म्हणत होतात ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी सुटे परत देताना वर साठाची एक घडी ठेवली, थोडी ओलसरच. पावसाळ्यात कोकणात जावं का, असं मला आता लोक विचारतात. मला विचारू नका. समुद्र मी एकूण वीस मिनिटं पाहिला, तोही शिट्टीच्या आवाजात.

परतीच्या प्रवासात ओल्या चादरी मागच्या सीटवर. सातारा येईपर्यंत गाडीत असा वास की टोलवरच्या पोराने खिडकी उघडताच मान मागे घेतली. सोलापुरातही झड लागलेली. चादरी गच्चीवर, मग जिन्यात, मग पंख्याखाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दडी मारून बसला, ऊन चटकलं, तेव्हा कुठे वाळल्या.

मधे काकूंचा फोन आला होता. विहीर काठोकाठ, पण तीन दिवस वीज नव्हती, पंप बंद, रहाट वीस वर्षांपूर्वीच काढून टाकलेला. "ताईंना सांगा," त्या म्हणाल्या, "पागोळीखाली बादल्या लावल्यात." मी फोन आईकडे दिला. दोघी बराच वेळ हसत होत्या. फोन ठेवल्यावर आई जरा वेळ गप्प बसली आणि मग मला म्हणाली, "परत लाव बघू. कौलांवरचं पहिलं पाणी धरायचं नसतं, कचरा येतो. सांगायचं राहिलं."