तुम्ही विचारलंत म्हणून: दोघांनाही सुडोमोनासच आहे, मग भेटले तर काय बिघडलं?

ठाण्यात मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसात घट्ट कफ साठून वारंवार संसर्ग होणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलांचे आईवडील रिपोर्ट न्यायला आले की हा प्रश्न येतोच. एकीचा मुलगा इथला, दुसरीचा वाशीचा. दोघांची मैत्री फोनवरची. "मॅडम, दोघांच्या कफात एकच जंतू आलाय. आता कोण कोणाला नवीन काय देणार? तलावपाळीवर तासभर भेटले तर?"

देण्यासारखं बरंच आहे, ताई. रिपोर्टवर छापलेलं 'सुडोमोनास एरुजिनोसा' हे नुसतं आडनाव. ठाण्यात कुणी 'पाटील' म्हटलं, तर कुठले पाटील हे विचारावंच लागतं. हा जंतू पाण्यात, ओल्या मातीत, मोरीत कुठेही असतो. बहुतेक मुलांना तो तिथूनच मिळतो आणि ज्याचा त्याचा स्ट्रेन, म्हणजे त्याच जंतूचं घराणं, वेगळा असतो. पण काही स्ट्रेन माणसाकडून माणसाकडे जातात. लिव्हरपूलच्या मुलांच्या रुग्णालयात एकच स्ट्रेन अनेक मुलांमध्ये पसरल्याचं 1996 मध्ये प्रसिद्ध झालं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर 2001 मध्ये मिळालं: ज्यांच्या फुप्फुसात आधीपासून स्वतःचा सुडोमोनास होता, त्यांनाही हा स्ट्रेन लागला. म्हणजे आधीचा जंतू नव्याला अडवत नाही.

नुसतं बघून स्ट्रेन ओळखता येत नाही, हे मी रोज अनुभवते. एकाच मुलाच्या कफातले जंतू वाढवलेली प्लेट उघडली की द्राक्षांसारखा गोडसर वास येतो. एका बाजूला हिरवट, चपट्या कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके. शेजारी शेंबडासारख्या चिकट, लूप (जंतू उचलायची बारीक सळई) लावला की तार सुटणाऱ्या. मध्येच टाचणीच्या टोकाएवढ्या. वाटतं तीन जंतू आहेत, पण बऱ्याचदा तो एकच स्ट्रेन असतो, वर्षानुवर्षं फुप्फुसात राहून बदललेला. त्या चिकटपणामुळे औषध आत पोचणं अवघड होतं. उलट दोन मुलांच्या कॉलनी हुबेहूब दिसूनही स्ट्रेन वेगळे निघू शकतात. कुठलं औषध चालतं याच्या यादीवरूनही खात्री होत नाही, कारण ती उपचारांनुसार बदलते.

नातं कळतं ते जनुकांवरून. पूर्वीपासूनची एक पद्धत सात ठरावीक जनुकं जुळवून पाहते. आता जंतूचा पूर्ण जीनोम, म्हणजे सुमारे 63 लाख अक्षरं, वाचता येतो. दोन मुलांच्या जंतूंत मोजक्याच अक्षरांचा फरक निघाला, तर संसर्ग एकमेकांकडून झाला की एकाच ठिकाणाहून, याचा शोध सुरू करता येतो. हे नेहमीच्या कल्चर (जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये नसतं, आणि कळतं तेही लागण होऊन गेल्यावर. म्हणून या मुलांमध्ये दोन मीटर अंतर, ओपीडीत वेगवेगळ्या वेळा, मास्क. बर्कहोल्डेरिया या अशाच पसरणाऱ्या दुसऱ्या जंतूच्या बाबतीत तर परदेशात या मुलांची शिबिरंच बंद करावी लागली. दोन समदुःखी मुलांना भेटू नका म्हणणं मला जड जातं, तरी मी तेच सांगते. घरातल्या, शाळेतल्या निरोगी मित्रांना हे बंधन नाही, तेव्हा मुलाला खेळायला पाठवा.

आणि एक कराच. कल्चरच्या फॉर्मवर 'सिस्टिक फायब्रोसिस' असं स्पष्ट लिहून घ्या. ते दिसलं की आम्ही बर्कहोल्डेरियासाठी वेगळं माध्यम (जंतू वाढवायचं खाद्य) लावतो आणि प्लेट जास्त दिवस ठेवतो. नाहीतर सावकाश वाढणारा जंतू सुडोमोनासच्या गर्दीत सुटून जातो. मूल लहान असेल आणि कफ निघत नसेल, तर खोकताना घशातून घेतलेला स्वॅबही चालतो.