बर्लिनची पोरं, पितळी दगड आणि बारा सेल्फी

बर्लिनला आल्यापासून घरच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, तिकडे हिटलरबद्दल लोक बोलतात का गं? बोलतात, आणि चांगले कडाकडा भांडतातही. विशेषतः माझ्या वयाची, पंचविशीच्या आसपासची पोरं. साठ लाख ज्यू मारले गेले हे लक्षात ठेवायचं यावर त्यांच्यात वादच नाही, वाद आहे तो कसं लक्षात ठेवायचं यावर.

सगळ्यात साधं काम म्हणजे दगड घासणं. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने 1990 च्या दशकात सुरू केलेलं हे काम, ज्या घरातून माणसांना उचलून नेलं त्याच घरासमोरच्या फुटपाथमध्ये 10 बाय 10 सेंटिमीटरचा पितळी पत्रा बसवलेला दगड, त्यावर नाव, जन्माचं वर्ष, कधी नेलं, कुठे मारलं, बस. 2023 मध्ये न्यूरेनबर्गला एक लाखावा दगड बसला. तर 9 नोव्हेंबरला, म्हणजे 1938 मध्ये ज्या रात्री ज्यूंची दुकानं आणि सिनेगॉग म्हणजे त्यांची प्रार्थनास्थळं फोडली गेली त्या तारखेला, लोक स्पंज आणि पॉलिश घेऊन फुटपाथवर बसतात. मीपण जाते. आई पितांबरीने देवाची भांडी घासते ना, अगदी तसंच, काळा थर निघतो आणि मग अक्षरं वर येतात. आमच्या गल्लीत एकाच दारासमोर अख्खं कुटुंब आहे, त्यातल्या सगळ्यात लहान पोराचं जन्मवर्ष वाचलं की वजाबाकी आपोआप होते. कोपऱ्यातली अक्षरं नीट निघत नाहीत, तिथे जुना टूथब्रश लागतो.

पण सगळं इतकं शांतपणे चालत नाही. 2017 मध्ये शहाक शापिरा नावाच्या इस्रायलमध्ये जन्मलेल्या, इथेच राहणाऱ्या 28 वर्षांच्या मुलाने धमाल उडवली होती (धमाल हा शब्द इथे बरोबर नाही, पण असो). ब्रांडेनबर्ग गेटजवळ होलोकॉस्ट मेमोरियल आहे, म्हणजे मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक, काँक्रीटचे 2711 ठोकळे. टूरिस्ट त्यावर उड्या मारतात, योगासनं करतात, डेटिंग ॲपसाठी फोटो काढतात. शापिराने असे 12 सेल्फी नेटवरून उचलले आणि 'योलोकॉस्ट' (योलो म्हणजे 'एकदाच तर जगायचंय', त्याला जोडलेलं होलोकॉस्ट) नावाने वेबसाइटवर टाकले, फोटोवर माउस नेला की मागचे ठोकळे गायब आणि तिथे छळछावणीतली प्रेतं. खाली लिहिलेलं, फोटो काढून टाकायचा असेल तर मेल करा. बाराही जणांपर्यंत ते पोचलं, बहुतेकांनी आपापले फोटो काढून टाकले, मग शापिरानेही ते वेबसाइटवरून हटवले.

गंमत म्हणजे मेमोरियल ज्याने डिझाइन केलं तो पीटर आयझेनमनच याच्या विरोधात होता, त्याचं म्हणणं ही काही दफनभूमी नाही, मुलं इथे पळणारच. माझी फ्लॅटमेट त्याच्या बाजूची, मी शापिराच्या. स्वयंपाकघरात यावर आमचं एकदा इतकं वाजलं की पास्ता लागला खाली. मला वाटतं त्या बारा जणांना जरा जास्तच झोंबलं असेल, पण भाषणं ऐकून जे झालं नसतं ते झालं.

आणि कलेच्या नावाखाली काहीही चालतं असंही नाही हं. 2019 मध्ये 'राजकीय सौंदर्य केंद्र' असं काहीसं नाव असलेल्या एका गटाने संसदेजवळ एक खांब उभा केला आणि म्हणाले यात बळींची राख आहे. छळछावण्यांतून जिवंत सुटलेल्यांच्या संघटना भयंकर चिडल्या, कारण ज्यू धर्मात मेलेल्यांना हलवणं सहसा चालत नाही. गटाला माफी मागावी लागली. त्या बाबतीत मी शंभर टक्के चिडलेल्यांच्या बाजूची.

आपल्याकडे कडक मास्तरांना अजून सहज हिटलर म्हणतात आणि फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र खपतं, हे मी इथे कुणाला सांगितलं की समोरचा गप्पच होतो. मग मला सारवासारव करत बसावं लागतं.

कधी आलात तर मेमोरियल बघाच, पण त्याआधी यू-4 किंवा यू-7 मेट्रो पकडून बायरिशर प्लाट्झ या चौकात उतरा. तिथे 1993 मध्ये रेनाटा श्टिह आणि फ्रीडर श्नॉक यांनी दिव्याच्या खांबांवर 80 पाट्या लावल्यात, एका बाजूला साधं चित्र, समजा मांजर, आणि दुसऱ्या बाजूला नाझींचा खराखुरा नियम: ज्यूंनी यापुढे पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत, 1942. दुसरी पाटी 1940 ची, बर्लिनमधल्या ज्यूंनी खाण्याच्या वस्तू फक्त दुपारी 4 ते 5 मध्ये घ्यायच्या. पाट्या लावत होते तेव्हा काही रहिवाशांनी पोलिसांनाच बोलावलं, त्यांना वाटलं खरंच कुणीतरी हे नियम परत लावतंय. पाट्या अजून आहेत, मान वर करून चालायला लागतं फक्त.