स्टॉकहोमचा हिवाळा, एडीएचडी आणि सकाळचा दिवा

डिसेंबरच्या मध्याला स्टॉकहोममध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीन वाजायच्या आत मावळतो. जेमतेम सहा तासांचा दिवस, तोही बहुतेकदा ढगाखाली. इथला पहिला हिवाळा नव्याच्या नवलाईत निघून गेला. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरअखेर घड्याळं एक तास मागे गेली आणि मी ढेपाळले. दहा-दहा तास झोपूनही अंग जड, सतत गोड आणि पाव खायची इच्छा, कुणाचा फोन घ्यायला नको. नाशिकला आईला सांगितलं तर तिला खरंच कळेना. आपल्याकडे थंडी म्हणजे हुरडा, बाजरीची भाकरी, कोवळं ऊन. थंडीत माणूस खुलतो, खचतो कुठे?

एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि कामं तडीस नेणं अवघड करणाऱ्या विकाराचं, निदान आधीच झालेलं होतं, म्हणून सगळ्यांना वाटलं की गोळीचा डोस कमी पडतोय. लक्ष लागत नाही, कामं अर्धवट राहतात, ही तक्रार एडीएचडी आणि नैराश्य दोन्हीत सारखीच. मला जाणवलेला फरक मी मानसोपचारतज्ज्ञांना सांगितला: एरवी मला दहा गोष्टी कराव्याशा वाटतात आणि एकही धड होत नाही, नोव्हेंबरात काही करावंसंच वाटत नाही. तेव्हा कुठे, उन्हाळ्यात मी कशी असते, हे विचारलं गेलं.

त्यांनी समजावलं ते असं. हे हिवाळी नैराश्य, दर हिवाळ्यात येणारं आणि उन्हाळ्यात ओसरणारं. एडीएचडी असलेल्या बऱ्याच जणांचं शरीराचं घड्याळ मुळातच उशिरा चालतं, रात्री मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक उशिरा स्रवतं. हिवाळ्यात सकाळचा उजेड मिळाला नाही की ते आणखी मागे पडतं. उपाय प्रकाशाचा. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत हिवाळी नैराश्याचं वर्णन केलं, तेव्हापासून तो दिला जातोय. १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिवा, उठल्या उठल्या, रोज अर्धा तास. दिव्याकडे टक लावायची नाही, पण डोळे उघडे हवेत. संध्याकाळी लावला तर झोप उडते. डोळ्यांचा आजार असेल किंवा स्वतःला वा घरात कुणाला बायपोलर (मनःस्थिती टोकाच्या उत्साहात आणि नैराश्यात झुलण्याचा आजार) असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

रोज ठरल्या वेळी अर्धा तास एका जागी बसायचं! एडीएचडीत नेमकं तेच जमत नाही. एका आजाराचा उपचार दुसऱ्या आजारानं हिरावलेल्या ताकदीवर उभा असतो आणि दोन्ही एकत्र असलेल्या माणसाला हे कुणी आधी सांगत नाही, याचा मला आजही राग येतो.

म्हणून लक्षात ठेवायचं कामच माझ्याकडून काढून घेतलं. दिवा स्वयंपाकघरातल्या टेबलावर कायमचा बसवला, टायमरवर. सातला तो आपोआप लागतो. एडीएचडीची गोळी त्याच्याच खाली. नाश्ता गोळीच्या आधी, कारण नंतर भूक मरते आणि रात्री मग हात गोडाकडे जातो. आणि समोर फोनवर आई. इथे सात वाजतात तेव्हा तिकडे साडेअकरा, तिची भाजी निवडायची वेळ. ती मेथीची जुडी सोडते, काड्या एकीकडे, पानं ताटात, मध्येच मान वर करून विचारते, "दिवा लागला का गं?" आम्ही फारसं बोलत नाही. कुणी समोर बसून आपलं काम करत असलं की मलाही बसवतं. एडीएचडीच्या बऱ्याच लोकांचा हा अनुभव आहे.

आठवडाभरात उठणं थोडं सोपं झालं. जानेवारी तरीही जडच गेला. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी ब्यूप्रोपिऑन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. हिवाळी नैराश्य टाळण्यासाठी अमेरिकेत त्याला २००६ मध्ये मान्यता मिळाली आहे आणि ते लक्षणं दिसायच्या आधीच सुरू करायचं असतं. माझ्या एडीएचडीच्या गोळीसोबत ते घेताना रक्तदाबावर लक्ष ठेवतात. दुपारी एक सहकारी मला जेवणानंतर बाहेर चालायला नेते. ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड ऑफिसमधल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

माझ्यासाठी सगळ्यात अवघड महिना सप्टेंबर. ऊन असतं, बरं वाटत असतं आणि नोव्हेंबर येणार हे पटतच नाही. त्यामुळे डॉक्टरांची सप्टेंबरची वेळ मी मार्चमध्येच, हिवाळा अंगात ताजा असताना घेऊन ठेवते. तारीख आईच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरही लिहिलेली असते आणि आठवण करून द्यायला ती चुकत नाही.