जाधव खटला चार बैठकांत: आंतरराष्ट्रीय कायदा मंडळासाठी

लॉ कॉलेजमधल्या आंतरराष्ट्रीय कायदा मंडळाचं वर्ष बहुतेक ठिकाणी सारखंच जातं. उद्घाटन, पाहुण्यांचं एखादं व्याख्यान, सर्टिफिकेटं, आणि मग जेसप मूटची, म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्यावरच्या आभासी खटल्याच्या स्पर्धेची, धावपळ. जेसपचा प्रश्न साधारण सप्टेंबरात हाती येतो, मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, जानेवारीत द्यायची असतात, आणि तीही दोन्ही बाजूंची. ज्यांनी एकही निकाल पहिल्या परिच्छेदापासून शेवटच्यापर्यंत वाचलेला नाही, त्यांना हे तेवढ्या वेळात जमत नाही. म्हणून पहिलं सत्र निकालवाचनाला द्या. आठ-दहा जण, आठवड्यातून एकदा, दीड तास.

सुरुवात कुलभूषण जाधव खटल्यापासून करा. जाधव हे पाकिस्तानात हेरगिरीच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झालेले भारतीय नागरिक. भारत विरुद्ध पाकिस्तान, द हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय, निकाल १७ जुलै २०१९. 'भारत जिंकला' हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. नेमकं काय मिळालं, हे विचारलं की शांतता पसरते.

पहिल्या बैठकीत सुरुवातीपासून वाचू नका. थेट परिच्छेद १४९ काढा. प्रत्यक्ष आदेश तिथे आहे. त्यातलं एकेक कलम प्रत्येकाने आपल्या मराठीत लिहायचं आणि शेजारी भारताची मूळ मागणी. हा तक्ता झाला की डोळे उघडतात. शिक्षा रद्द करा, सुटका करा, सुखरूप परत पाठवा, यातलं काहीही मिळालं नाही. मिळालं ते असं: पाकिस्तानने व्हिएन्ना कॉन्सुलर कराराच्या कलम ३६ चा भंग केला, आता कॉन्सुलर ॲक्सेस, म्हणजे भारताच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यांना जाधवांना भेटण्याची मुभा, द्यावा, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, मार्ग मात्र पाकिस्तानने निवडावा, तोवर फाशी थांबलेली राहील. अधिकारक्षेत्र एकमताने, हे बाकीचे मुद्दे १५ विरुद्ध १ ने. न्यायाधीश तर १५ असतात, मग हा सोळावा कोण? पीठावर दलवीर भंडारी होते, पाकिस्तानचं कोणी नव्हतं, म्हणून पाकिस्तानला तसद्दुक हुसेन जिलानी यांना तात्पुरते न्यायाधीश म्हणून नेमता आलं. विरोधी मत त्यांचंच. मेमोरियलमध्ये या विरोधी मतातलं वाक्य न्यायालयाचं म्हणून उद्धृत होतं आणि पीठासमोर पुरती फजिती होते. टीपेत परिच्छेद क्रमांक आणि मत कोणाचं, हे दोन्ही लिहायची सवय इथेच लावा.

दुसरी बैठक अधिकारक्षेत्राची. विद्यार्थी हा भाग कंटाळवाणा म्हणून सोडतात, पण निकालाची किल्ली इथेच आहे. भारत न्यायालयात गेला तो १९६३ च्या याच व्हिएन्ना करारासोबतच्या ऐच्छिक प्रोटोकॉलच्या, म्हणजे करारावरचे वाद या न्यायालयाकडे नेऊ देणाऱ्या जोडकराराच्या, दारातून. त्यामुळे न्यायालयाला फक्त त्या करारापुरतंच बोलता आलं. नागरी व राजकीय हक्कांच्या करारातली न्याय्य सुनावणी त्या दारातून आत येत नव्हती. सुटका का मिळाली नाही, याचं उत्तरही जवळच आहे: कराराचा भंग शिक्षेमुळे झालेला नव्हता, कॉन्सुलर हक्क नाकारल्यामुळे झालेला होता.

तिसऱ्या बैठकीत एकच पोटकलम घ्या, ३६(१)(ब), आणि फळ्यावर साखळी काढा. अटक झालेल्याला त्याचा हक्क विलंब न लावता सांगायचा. त्याने विनंती केली तर त्याच्या देशाच्या कॉन्सुलेटला कळवायचं. त्याने लिहिलेलं पत्र पुढे पोचवायचं. आता पहिली कडी तोडून पाहा. हक्कच सांगितला नाही, तर माणूस विनंती कशाच्या जोरावर करणार? म्हणून 'त्याने मागितलंच नाही' हा बचाव टिकत नाही. जाधवांची अटक ३ मार्च २०१६ ची, भारताला कळवलं २५ मार्चला. 'विलंब न लावता' म्हणजे किती दिवस, यावर गटाला अर्धा तास भांडू द्या.

चौथी बैठक मूटची. मुद्दा २००८ च्या भारत-पाकिस्तान कॉन्सुलर समझोत्याचा: राजकीय वा सुरक्षेच्या कारणावरून अटक असेल तर प्रत्येक देश प्रकरण गुणवत्तेवर तपासू शकतो, असं त्यात आहे. मग कलम ३६ बाजूला पडतं का? न्यायालय नाही म्हणालं. करारातल्या कलम ७३(२) नुसार नंतरचे समझोते मूळ करार पक्का करतात किंवा वाढवतात, त्याला कात्री लावत नाहीत. पाकिस्तानची बाजू घेणाऱ्यांना इथे खरा घाम फुटतो, म्हणून ती बाजू चांगल्या वक्त्यांना द्या. प्रत्येक बाजूला दोन वक्ते, प्रत्येकी पंधरा मिनिटं, समोर तीन न्यायाधीश. (जेसपमध्ये एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं असतात, तिथवर हळूहळू चढा.)

मूट फसतं ते बहुधा पीठामुळे. सीनियर निकाल न वाचता येऊन बसतात, मान डोलावतात आणि शेवटी 'आवाज छान' म्हणतात. प्रत्येक न्यायाधीशाने परिच्छेद क्रमांकासह पाच प्रश्न लिहून आणायचे आणि पहिला प्रश्न दुसऱ्या मिनिटाच्या आत विचारायचा. वक्त्याने आधी हो किंवा नाही म्हणायचं, मग कारण. 'त्या मुद्द्याकडे मी नंतर येतो' हे वाक्य बंद. दुसरी चूक म्हणजे निकालाचे तुकडे वाटून घेणं. मग प्रत्येकाला आपली वीस पानं येतात आणि खटला कोणालाच येत नाही. वाचायचं सगळ्यांनी सगळं, वाटून घ्यायची फक्त टिपणं.

जाधव संपला की कलम ३६ वरचेच दोन जुने खटले: लाग्रांद (जर्मनी विरुद्ध अमेरिका), मग अवेना (मेक्सिको विरुद्ध अमेरिका). लाग्रांदमध्ये जर्मनी २ मार्च १९९९ ला न्यायालयात गेला, ३ तारखेला शिक्षा थांबवण्याचा आदेश निघाला, आणि अमेरिकेत वॉल्टर लाग्रांद या जर्मन नागरिकाला त्याच दिवशी मृत्युदंड दिला गेला. असे अंतरिम आदेश बंधनकारक असतात, हे न्यायालयाने २००१ मध्ये त्याच खटल्यात ठरवलं. जाधवांची फाशी थांबवणारा १८ मे २०१७ चा आदेश वाचताना हे शेजारी ठेवा.